विनंती थांबा

चार महिने झाले, न्यू जर्सीत एडिसनला मुलाकडे आहे. कराड स्टँडवरची आमची मंडळी दर दोन दिवसांनी विचारतात, "अण्णा, काय काय बघितलं?" लिबर्टीचा पुतळा लांबून बघितला, नायगारा राहिलाय, एवढं सांगून मी विषय बदलतो. खरं म्हणजे मी इथे चार महिने एकच गोष्ट शोधतोय. या देशात माणसं वाटेत थांबतात कुठे?

माझा दोष नाही. १९७६ साली एसटीत कंडक्टर म्हणून लागलो, २०११ साली वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. कुठल्याही गावाला गेलो की देऊळ नंतर, आधी स्टँड कुठे ते बघतो. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलाला विचारलं, "स्टँड कुठं रे?" तो हसला. म्हणाला, "अण्णा, इथं प्रत्येकाच्या घरातच स्टँड आहे."

ते खोटं नाही. सकाळी गॅरेजचं दार आपोआप वर जातं, गाडी बाहेर पडते, दार खाली येतं. संध्याकाळी तेच उलटं. शेजारच्या घरात कोण राहतं हे मला तीन आठवडे कळलं नव्हतं. कळलं ते सोमवारी रात्री, कचऱ्याचे डबे रस्त्याच्या कडेला ओढून ठेवताना. आमच्या आळीत माणसं एकमेकांना दिसतात ती बहुतेक या डब्यांमुळे. आमची ही आठवड्याभरात रुळली. तिचं म्हणणं, पाणी चोवीस तास आहे, भांडी मशीन घासतंय, तुम्हाला कशाचं दुःख? तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

दुःख म्हणजे असं. एके दिवशी दूध संपलं. सूनबाई मीटिंगमध्ये, मुलगा ऑफिसला. दुकान पावणेदोन मैलांवर, म्हणजे तीन किलोमीटरला थोडं कमी. कराडात मी सकाळी प्रीतिसंगमावर जाऊन दोन फेऱ्या मारतो, तिथे असलं अंतर कुणी मोजत नाही. पिशवी घेतली आणि निघालो. आळीपुरता पदपथ होता, पुढे मोठा रस्ता लागला आणि पदपथ संपला. संपला म्हणजे खरोखरच संपला, काँक्रीट तुटून समोर गवत. गवतातून चालत राहिलो. पाऊण तासात तीन गाड्या माझ्याजवळ थांबल्या. तिघांनीही काच खाली करून तेच विचारलं, तुम्ही ठीक आहात ना? इथे रस्त्याने पिशवी घेऊन चालणारा म्हातारा म्हणजे एकतर गाडी बंद पडलेला, नाहीतर घर विसरलेला.

पहिल्या दोघांना थँक्यू म्हणून वाटेला लावलं. तिसऱ्या गाडीत एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी काही ऐकून घेतलं नाही, शेजारचं दार उघडलं. आम्ही हात दाखवा, गाडी थांबवा ही योजना राबवली होती. इथे हातही दाखवावा लागला नाही. बसलो.

त्या ८६ वर्षांच्या, एकट्या राहतात, आमच्यापासून चार घरं पलीकडे. नावाने हाक मारा म्हणाल्या. चौदा वर्षांनी मोठ्या बाईला नुसत्या नावाने कशी हाक मारायची? तोंडाने मॅडम म्हणतो, मनात आक्का. आक्का गाडी अशी चालवत होत्या की आमचा एखादा जुना ड्रायव्हर घाटात चालवेल, बेताने आणि आरशात बघत. मोठ्या रस्त्यावर त्या डावीकडे वळतच नाहीत. इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे डावीकडे वळायचं म्हणजे समोरून येणारी रांग कापायची. न्यू जर्सीत मोठ्या रस्त्यांवर बऱ्याच ठिकाणी तसं वळूच देत नाहीत. डावीकडे जायचं तर आधी उजवीकडे बाहेर पडा, वळसा घ्या आणि आडव्या रस्त्याने सिग्नल ओलांडा. सुरईच्या कानासारखा वळसा, त्याला जगहँडल म्हणतात. उजवीकडे जाऊन डावीकडे पोचायचं, राजकारण्यांना सोपं जाईल. आक्कांनी तर दुकान, चर्च आणि केस कापायची जागा असे तीन मार्ग फक्त उजव्या वळणांचे बसवलेत. मला म्हणाल्या, अंधार पडल्यावर गाडी काढत नाही, पण किल्ली मात्र सोडणार नाही. मुलगा ॲरिझोनात असतो, तो प्रत्येक फोनला किल्लीचं विचारतो म्हणे.

कोपऱ्यावर वाण्याचं दुकान का नाही, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. ग्रंथालयात विचारलं. (इथलं सार्वजनिक ग्रंथालय हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे. त्या गावात राहणाऱ्याला कार्ड फुकट, उन्हाळ्यात एसी, आणि दिवसभर बसलात तरी कुणी "काही घेणार का?" विचारत नाही. मुलगा मला तिथे सोडतो आणि संध्याकाळी उचलतो, पार्सल असल्यासारखा.) तिथल्या बाईंनी मला शहर नियोजनावरचं एक पुस्तक काढून दिलं. त्यात सापडलं ते असं. ओहायोत क्लीव्हलंडजवळ युक्लिड नावाचं गाव आहे. त्या गावाने जमिनीचे पट्टे पाडले, या पट्ट्यात फक्त घरं, त्यात दुकानं, पलीकडे कारखाने. जमीनवाली कंपनी कोर्टात गेली. १९२६ साली सुप्रीम कोर्टाने गावाच्या बाजूने निकाल दिला आणि मग असे पट्टे देशभर पडत गेले. हेतू वाईट नव्हता, घराशेजारी कारखान्याचा धूर कुणाला हवाय? पण धुराबरोबर वाणीही गेला, चहावालाही गेला, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर अशीच घरांची गावंच्या गावं उठली. आता दूध आणायला गाडी लागते हे शंभर वर्षांपूर्वीच्या त्या निकालाचं पिल्लू आहे. कोल्हापूर नाक्यावर जी गर्दी बघून मी आयुष्यभर कपाळाला हात लावला, तिच्यात दुकान, घर, वडाप म्हणजे खाजगी जीपगाड्या, भेळवाला सगळे एकाच पट्ट्यात कोंबलेले असतात. त्या गर्दीची मला इथे आठवण येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आता चांगलं सांगतो, नाहीतर म्हणाल अण्णा फुकटचं खाऊन नावं ठेवतात.

इथल्या चौकात चारही बाजूंना लाल अष्टकोनी स्टॉपची पाटी असते. सिग्नल नाही, पोलीस नाही. जो आधी आला तो आधी जातो, दोघं एकदम आले तर उजवीकडचा आधी. एकदा रात्री अकरा वाजता आम्ही परत येत होतो. चौकात चिटपाखरू नव्हतं. मुलाने गाडी पूर्ण थांबवली, दोन्हीकडे बघितलं, मग निघाला. हा तोच मुलगा, जो कॉलेजात असताना माझी लूना घेऊन सिग्नल तोडायचा आणि मी स्टँडवरून बघायचो. मी काही बोललो नाही, पण बरं वाटलं. दंडाची भीती असेलच, नाही असं नाही. तरी रात्री अकराला भीतीसुद्धा एवढी प्रामाणिक नसते.

आणि शाळेची बस. या देशात मला मनापासून आवडलेलं काही असेल तर ती पिवळी बस. नातवाला सोडायला रोज सकाळी मी थांब्यावर जातो. बस येते, लाल दिवे लुकलुकतात, चालकाच्या बाजूने स्टॉपची पाटी हातासारखी बाहेर येते. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर पुढून येणारी गाडी थांबते, मागून येणारी थांबते. पोरगं दप्तर सावरत रस्ता ओलांडतं तोपर्यंत कुणी हॉर्न वाजवत नाही. बीएमडब्ल्यू असो की कचऱ्याची गाडी. तो पिवळा रंगही उगाच नाही. १९३९ साली कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सायर नावाच्या प्राध्यापकांनी ठिकठिकाणच्या शाळा वाहतुकीच्या अधिकाऱ्यांना आणि बस बनवणाऱ्यांना एकत्र बसवलं. तोपर्यंत जो तो मनाला येईल तशी बस बांधत होता. उंची, रुंदी, रंग सगळं तिथे ठरलं. पहाटेच्या अंधुक उजेडात काळी अक्षरं ज्या रंगावर नीट दिसतात तो रंग घेतला, आणि ८५ वर्षांहून अधिक काळ झाला, तोच चालू आहे. आमच्याकडे लाल, हिरवी, पांढरी, निमआराम, परिवर्तन, शिवशाही असं मी एका नोकरीत आणि पेन्शनीत किती बघितलं ते एसटीवाल्यांना विचारा.

ही बस रेल्वे फाटकापाशीही थांबते. चालक दार उघडतो, कान देतो, गाडी येत नाही याची खात्री करतो, मगच रूळ ओलांडतो. नातवाला म्हटलं, आमच्याकडेही कायदा आहे, बिनराखणीचं फाटक आलं की कंडक्टरने खाली उतरून बघायचं आणि मगच ड्रायव्हरला इशारा करायचा. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही उतरायचात?" उतरायचो रे बाबा. पावसात चप्पल चिखलात रुतायची, मागे पन्नास माणसं शिव्या घालायची, तरी उतरायचो.

मुलाने मला वाढदिवसाला न्यूयॉर्कला नेलं. काय बघायचं विचारल्यावर मी पोर्ट ऑथॉरिटी बस टर्मिनल सांगितलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मॅनहॅटनमध्ये ४२ व्या रस्त्यावर आहे, १९५० साली उघडलं, मजल्यावर मजले आणि सगळीकडून बसच बस. मी तिथे दीड तास उभा होतो. कळकट आहे, जुनं झालंय, पण रांग म्हणजे रांग, फलाट म्हणजे फलाट. जाताना मेट्रोपार्क स्टेशनवरून लोकल ट्रेनने गेलो होतो. डब्यात कंडक्टर आला, हातात पंच. टिक टिक करत तिकिटांना भोकं पाडत पुढे आला. मी पंच १९७६ साली हातात धरला होता, इथे तो माणूस आजही धरून होता. त्याने समोरच्या सीटच्या खाचेत एक चिठ्ठी अडकवली, म्हणजे या माणसाचं तिकीट बघून झालं. किती साधी आणि चोख युक्ती! आम्ही बापडे तिकीट कुणी काढलं आणि कुणी नाही हे चेहऱ्यावरून लक्षात ठेवायचो. मी त्याला सांगितलं, मीही कंडक्टर. त्याने टोपीला हात लावला आणि पुढे गेला. मुलगा खिडकीबाहेर बघत होता, पण त्याने ऐकलं असावं.

ऑगस्टच्या शेवटी आक्कांची गाडी दारात दिसेना. मी चार दिवस बघितलं. मग सोमवारी डबे ओढताना त्या भेटल्या. मुलगा ॲरिझोनाहून आला होता. दुकानाच्या पार्किंगमध्ये त्यांच्या गाडीने एक खांब घासला होता, एवढंच निमित्त. किल्ली गेली, गाडी विकली. हे सांगताना त्या रडल्या वगैरे नाहीत, डब्याचं झाकण दोनदा लावून बघितलं. आमच्याकडे माणूस म्हातारा झाला की अर्ध्या तिकिटात आणि ७५ नंतर तर फुकट लाल डब्यात बसतो, पंढरपूर करून येतो, लेकीकडे जातो. बस खिळखिळी असेल, उशिरा येईल, पण म्हातारपण आणि हिंडणं यांचा आपल्याकडे असा काडीमोड होत नाही. इथे पैसा आहे, रस्ता आरशासारखा आहे, आणि ८६ वर्षांची धडधाकट बाई चार भिंतींत.

अगदीच काही नाही असं नाही. ज्येष्ठांसाठी व्हॅन आहे, घरापाशी येते. फक्त दोन दिवस आधी फोन करून सांगावं लागतं. विनंती थांबाच तो, पण आगाऊ आरक्षणाचा. आक्कांना फोनवर त्या सूचना ऐकून वैताग आला, एक दाबा, दोन दाबा. मग सूनबाईने नोंदवून दिलं. आता दर मंगळवारी दहाला व्हॅन.

मी पावणेदहाला त्यांच्या टपालपेटीपाशी जाऊन उभा राहतो. काम काही नाही, सवय. आम्ही दोघं तिथे उभे असतो, त्या पर्स घेऊन, मी हात मागे बांधून. गेल्या मंगळवारी व्हॅन दहा वाजून अकरा मिनिटांनी आली. आक्का चढल्या, पट्टा लावला. मी चालकाजवळ गेलो आणि घड्याळ दाखवून विचारलं, उशीर का? तो म्हणाला, ट्रॅफिक.

आम्हीही लॉगशीटवर तेच लिहायचो.