सात दिवसांचा काढा, ओव्याची धुरी आणि ब्राँकायटिस: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

पावसाची चाहूल लागली की कोकणातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर खोकल्याविषयीचा एक लांबलचक संदेश फिरू लागतो आणि नवरात्र संपेपर्यंत थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येत राहतो. त्याचा सारांश असा: ब्राँकायटिस म्हणजे छातीत साठलेला कफ, अडुळसा, ज्येष्ठमध, सुंठ, मिरी आणि तुळस यांचा काढा सात दिवस घेतला की तो मुळापासून जातो, सोबत कापूर-निलगिरीचा वाफारा आणि तिन्हीसांजेला ओव्याची धुरी घ्यावी, बेडका पिवळा पडलाच तर मेडिकलमधून ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या (अँटिबायोटिकच्या) तीन गोळ्या आणाव्यात, दम्याच्या पंपाची (इनहेलरची) सवय लागते म्हणून तो बंद करावा, आणि हा सारा उपचार नैसर्गिक असल्यामुळे तान्ह्या बाळापासून गर्भवतीपर्यंत कोणालाही चालतो. निसर्गाचा एवढा कैवार घेणाऱ्याने मध्येच ॲझिथ्रोमायसिनला कशी जागा दिली, हे कोडे आहे.

संदेशातले सगळेच खोटे नाही, आणि म्हणूनच तो पटतो. अडुळसा गुणकारी आहे, गरम काढ्याने घशाला आराम पडतो, आणि साध्या खोकल्यासाठी दर वेळी दवाखाना गाठण्याची गरज नसते, हे तिन्ही मान्य करण्यासारखे आहे. आक्षेप असा आहे की काय प्यावे हे चमच्याच्या मापासह सांगणारा हा मजकूर रुग्ण रोज कोणती हवा छातीत घेतो याबद्दल चकार शब्द काढत नाही. उलट त्या हवेत आणखी धूर घालायला सांगतो.

आधी सात दिवसांच्या मुदतीचे पाहू. श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज येणे म्हणजे ब्राँकायटिस. कफ हा त्या सुजेचा परिणाम असतो. त्याचा तीव्र प्रकार बहुतेक वेळा सर्दी-फ्लूच्या विषाणूंमुळे होतो, आणि त्यातला ताप व अंगदुखी पहिल्या आठवड्यात आपोआप ओसरतात. खोकला मात्र सरासरी १८ दिवस रेंगाळतो, काहींना तीन आठवड्यांहूनही अधिक. म्हणजे काढा घेतला काय किंवा न घेतला काय, सातव्या दिवशी माणसाला बरेच हलके वाटू लागलेले असते आणि श्रेय काढ्याच्या पातेल्याला मिळते. ज्याचा खोकला दहाव्या दिवशीही चालू असतो तो मात्र त्या मुदतीमुळे उगाच धास्तावतो आणि अनावश्यक गोळ्यांकडे वळतो. दीर्घकालीन ब्राँकायटिसची गोष्ट तर अगदीच वेगळी आहे. सलग दोन वर्षे, दर वर्षी किमान तीन महिने बेडक्यासह खोकला येत असेल तर त्याला हे नाव देतात. त्यात श्वासनलिकांत झालेले बदल पुष्कळदा कायमचे असतात, आणि ते मुळापासून घालवणारे औषध ना ॲलोपॅथीत आहे ना परसबागेत. बिडी-सिगारेट आणि धूर थांबवला तर ऱ्हासाचा वेग कमी होतो, ही मात्र पक्की गोष्ट आहे.

त्याहून मोठी अडचण अशी की ‘छाती भरली’ या तक्रारीमागे काय आहे हे काढ्याला कळत नाही. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला म्हणजे क्षयरोगाची शंका घेऊन बेडका तपासायचा, हा देशाच्या क्षयरोग कार्यक्रमाचा नियम आहे आणि ही तपासणी सरकारी आरोग्यकेंद्रांमार्फत मोफत होते. सात दिवसांचा काढा, फरक नाही म्हणून आणखी सात दिवस, मग दुसऱ्या कोणाचा काढा, या क्रमात महिना जातो आणि तोवर घरातली म्हातारी माणसे व पोरे त्याच खोलीत झोपत असतात. रात्री आडवे पडल्यावर वाढणारा खोकला आणि पायांवरची सूज हृदयाचे दुखणे असू शकते. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल घेणाऱ्या काहींना त्या गोळीमुळेच कोरडा खोकला लागतो. तिथे अडुळसा कितीही उकळला तरी उपयोग नाही, डॉक्टरांनी गोळी बदलून दिली की काही दिवसांत किंवा आठवड्यांत तो थांबतो. (गोळी आपल्या मनाने बंद करू नये, हे इथेच सांगितलेले बरे.) आणि लावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून काम केलेल्या माणसाला ताप, पोटऱ्यांत ठणका, लाल डोळे आणि खोकला अशी लक्षणे दिसली तर आमच्या पट्ट्यात लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांच्या मुताने दूषित पाणी-चिखलातून होणाऱ्या तापाचा) विचार पहिल्यांदा व्हायला हवा, कारण त्या आजारात फुप्फुसांत रक्तस्राव होऊ शकतो आणि तो तासांच्या हिशेबात बिघडतो.

पिवळ्या बेडक्याच्या दाव्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. बेडक्याला पिवळा-हिरवा रंग येतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे), आणि विषाणूंच्या संसर्गातही तसा रंग येतो. त्यामुळे एरवी निरोगी असलेल्या माणसाच्या बाबतीत नुसत्या रंगावरून प्रतिजैविक सुरू करण्याला आधार नाही. तीव्र ब्राँकायटिसमध्ये प्रतिजैविकांनी खोकला सरासरी जेमतेम अर्धा दिवस लवकर थांबतो, तर जुलाब आणि मळमळ पदरात पडण्याची शक्यता वाढते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२ मधल्या मार्गदर्शक सूचनांत विषाणूजन्य ब्राँकायटिससाठी प्रतिजैविके टाळण्यास सांगितले आहे. अपवाद आहेत: न्यूमोनिया, डांग्या खोकला, किंवा जुन्या ब्राँकायटिसच्या रुग्णाची धाप, बेडक्याचे प्रमाण आणि त्याचा रंग हे तिन्ही एकदम वाढणे. पण हे अपवाद छाती तपासून ठरतात, मेडिकलच्या काउंटरवर ठरत नाहीत.

आता धुरीकडे येऊ, कारण या संदेशातला सर्वांत घातक भाग मला हाच वाटतो. निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, लसणाच्या साली टाकून न्हाऊन आलेल्या बाळाला वरून धरण्याची पद्धत कोकणातल्या अनेक घरांत अजून टिकून आहे. त्यामागे माया आहे, यात शंका नाही. पण श्वासनलिकेला मात्र ओव्याचा धूर आणि लाकडाचा धूर यांतला फरक कळत नाही. दोन्हींत खोलवर शिरणारे सूक्ष्म कण असतात, दोन्हींमुळे अस्तर चुरचुरते आणि अधिक कफ सुटतो. मग सुटलेल्या कफालाच ‘धुरीने कफ मोकळा झाला’ असे म्हटले जाते. तान्ह्या बाळाच्या श्वासनलिका मुळातच इतक्या अरुंद असतात की थोड्याशा सुजेनेही त्याला धाप लागते.

धूर हा इथल्या ब्राँकायटिसचा उपाय नव्हे, पुष्कळदा कारण आहे. आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या किती तरी बायका साठीच्या आसपास खोकत, धापा टाकत दिवस काढतात; त्यांची उमर चुलीपुढे फुंकणी घेऊन गेलेली असते. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, स्वयंपाकघरात गॅस आला, तरी न्हाणीतली चूल बहुतेक ठिकाणी राहिली. अंघोळीच्या पाण्याच्या हंड्याखाली नारळाची सोडणे, चुडते, शेणी आणि पावसाळ्यात ओली लाकडे जळत असतात, आणि पेटत नाही म्हणून कुणीतरी प्लास्टिकची पिशवीही घालते. बाहेर संततधार असल्यामुळे दारे-खिडक्या बंद, भिंतींना ओल, कोपऱ्यांत बुरशी; अशा घरातल्या खोकणाऱ्या माणसाला संध्याकाळी आणखी धुरी देणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. त्याच्या जवळ पाण्याची चूल पेटवू नये, लाकडे पावसाआधीच सुकवून आडोशाला रचावीत, न्हाणीला धुराडे किंवा वर झरोका करून घ्यावा, भाजावळीच्या (शेतात पालापाचोळा जाळण्याच्या) दिवसांत वाऱ्याच्या खालच्या अंगाला थांबू नये आणि काजूबिया भाजताना पोरांना भोवती बसवू नये, ही कामे कुठल्याही काढ्यापेक्षा जास्त उपयोगाची आहेत. त्यांची जाहिरात कोणी करत नाही, कारण ती कोणाला विकता येत नाहीत.

वाफाऱ्याचे मूल्यमापन जरा सौम्यपणे करावे लागेल. गरम वाफेने चोंदलेले नाक थोडा वेळ मोकळे वाटते. आजार लवकर बरा होतो असे मात्र अभ्यासांतून सातत्याने दिसलेले नाही. मोठ्या माणसाने सांभाळून घेतला तर बिघडत नाही. मुलांच्या बाबतीत उकळत्या पाण्याचे भांडे कलंडून भाजण्याचा धोका खराखुरा आहे, आणि कापूर पोटात गेल्यास त्यांना झटके येऊ शकतात. निलगिरीच्या तेलाचेही तेच. दोन वर्षांखालच्या मुलाच्या छातीला किंवा नाकाजवळ कापूर लावू नये.

काढ्याविषयी मला आदर ठेवूनच लिहायचे आहे. आयुर्वेदात अडुळशाचा उपयोग कास (खोकला) आणि श्वास (दमा, धाप) या विकारांवर पूर्वापार सांगितला आहे, आणि त्यातल्या व्हॅसिसिन या घटकाच्या धर्तीवरच १९६०च्या दशकात ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. आज सर्रास लिहून दिले जाणारे ॲम्ब्रॉक्सॉल हे त्याचेच रूप आहे. पण जी वनस्पती शरीरावर परिणाम करते ती दुष्परिणामही करू शकते. व्हॅसिसिनमध्ये गर्भाशय आकुंचित करण्याचा गुण आहे, म्हणून ‘गर्भवतीलाही चालते’ हे वाक्य बेजबाबदार आहे. ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो आणि शरीरातले पोटॅशियम घटते; रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या आजोबांना तो रोज उकळून देऊ नये. मिरीतल्या पायपेरीनमुळे थिओफिलिन या दम्याच्या औषधाची रक्तातली पातळी वाढू शकते, आणि हे औषध गरजेपेक्षा थोडे जास्त झाले तरी उलट्या, धडधड आणि झटके येऊ शकतात. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवणे तर पूर्ण वर्ज्य आहे, कारण त्यातल्या बोट्युलिझमच्या बीजाणूंनी बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. वर्षावरच्या मुलाला रात्री झोपताना एक चमचा मध दिल्यास खोकला काहीसा कमी होतो, याला मात्र बऱ्यापैकी आधार आहे. बाजारातल्या सिरपपेक्षा मुलांसाठी तो अधिक सुरक्षितही म्हणता येईल: २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाने दूषित झालेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावली, आणि त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत असे बजावले.

निरोगी मोठ्या माणसाने साध्या खोकल्यात आले-तुळशीचा काढा, पातीचा चहा, उकड्या तांदळाची ऊन ऊन पेज घ्यावी, मीठ-पाण्याच्या गुळण्या कराव्यात, तापाला पॅरासिटामॉल घ्यावे आणि स्वस्थ पडून राहावे. एवढ्यावर बहुतेकांचे निभावते. केळे, दही आणि सोलकढी बंद करण्याचा आग्रह मात्र सोडून द्यायला हरकत नाही. ज्याला सोसते त्याने खावे.

पंपाबद्दलचा दावा थेट जिवावर बेतू शकतो. सॅल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असते आणि त्याच औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची, म्हणजे वीस ते चाळीस पट. तरीही गोळी ‘साधी’ आणि पंप ‘जबर’ समजला जातो. पंपाचे औषध थेट श्वासनलिकेत जाते, काही मिनिटांत ती मोकळी करते, आणि त्याचे व्यसन लागत नाही. तो वरचेवर लागू लागला तर आजार आटोक्यात नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि तेव्हा तो बंद करण्याऐवजी उपचार वाढवून घ्यायचे असतात. छातीत घरघर नसलेल्या साध्या खोकल्याला पंपाचा उपयोग नाही, हेही तितकेच खरे. पंप सोडून लोक ज्या बिननावाच्या ‘दम्याच्या पुड्या’ घेतात त्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याच्या नोंदी आहेत. दोन दिवसांत वाटणारी तरतरी त्याचीच असते, आणि साखर, हाडे व दृष्टी यांवर त्याची वसुली पुढे होते.

बोलताना वाक्य पुरे करता न येणे, ओठ निळसर पडणे, बेडक्यात रक्त, छातीत दुखणे, वृद्ध माणसाला अचानक भ्रम होणे, किंवा कोरोनाच्या काळात घेतलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली उतरणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपचार तिथेच थांबवावेत. ज्यांचा आकडा जुन्या आजारामुळे एरवीही कमी असतो त्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवावी. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत: दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक, अथवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर लगेच आरोग्यकेंद्र गाठावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत असते, परंतु पावसात घाटरस्ते आणि साकव केव्हा बंद पडतील याचा नेम नसल्याने, संध्याकाळी संशय आला तर सकाळची वाट न पाहता उजेड असेतोवर निघावे, आणि सोबत चालू गोळ्यांची पाकिटे न्यावीत व घेतलेल्या काढ्यात काय काय होते तेही डॉक्टरांना सांगावे.