फणसाच्या गिटारबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘फणस, बाभूळ ही सरपणाची लाकडं. गिटारला आल्डर नाहीतर महोगनीच हवं. पोरांना भलत्या नादी लावू नका,’ असं तुम्ही फणस-बाभळीच्या इलेक्ट्रिक गिटारवरच्या माझ्या लेखाखाली लिहिलंय.

फणसाला सरपण म्हणणं मला अजिबात पटत नाही. तंजावरची वीणा फणसाची असते. आपल्या कोल्हापूरशेजारी मिरजेत सतारीला तून हे लाकूड वापरतात. वाद्यं करणाऱ्यांनी जवळ मिळणारं लाकूडच पारखून घेतलं. अमेरिकेत आल्डर रुळलं तेही तिकडे ते मुबलक आणि स्वस्त होतं म्हणून. शिवाय इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप पोलादी तारेचा कंप चुंबकानं टिपतो, लाकडाचा नाही. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास पाइनच्या चार इंची ओंडक्यावरच तारा चढवल्या होत्या.

बाभळीबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. ती जड असते; अख्खी बॉडी तिची केली तर तासाभरात खांदा भरून येतो. हे मी लेखातच सांगायला हवं होतं.

पण खरा घात होतो तो ओल्या लाकडानं. माझी पहिली फणसाची फळी ‘वाळलेली आहे’ म्हणून वखारीतून आणली, जानेवारीत घडवली आणि एप्रिलच्या उन्हात मधला सांधा केसभर उघडला. महोगनी ओली असती तर तीही उघडलीच असती. तेव्हापासून फळीची दोन्ही टोकं रंगवून, खाली पट्ट्या देऊन सावलीत ठेवतो. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष. दर महिन्याला वजन करून आकडा फळीवरच लिहितो. कोल्हापूरच्या पावसात वजन पुन्हा चढतं, त्यामुळे एप्रिलचा आकडा गेल्या एप्रिलशीच ताडायचा. दोन्ही सारखे आले की मगच पटाशी लावायची. फणसाची रेषा उलटसुलट असते, म्हणून रंध्याचं पातं अगदी कमी काढायचं, नाहीतर चिरफळ्या उडतात.

नेकसाठी, म्हणजे तारा दाबायच्या लांब दांड्यासाठी, मी पाडलेल्या घराच्या चौकटीचा जुना साग घेतला. तो तेलकट असतो. सांधण्याच्या तोंडावर ॲसिटोननं पुसला नाही, तर सांधा धरत नाही. नेक वाकू नये म्हणून आत ट्रस रॉड ही सळई आहेच.

तुमच्याकडे ६४८ मिलिमीटर स्केलची (म्हणजे तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी तेवढी असलेली) महोगनीची गिटार असेल तर जरूर घेऊन या. तेच पिकअप, त्याच जाडीच्या तारा दोन्हींवर चढवू आणि डोळे मिटून ऐकू.