शेतकऱ्यासाठी एक पव्वा

राजेहो, परवा पव्व्यावर छापील किमतीपेक्षा दहा रुपये जास्त मोजून आलो. तेव्हाच ठरवलं, बाकीच्या नागपूरकरांनाही शहाणं करायचं.

पहिलं म्हणजे भाव वाढले म्हणू नका, महसूल वाढला म्हणा. जून २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं भारतातच बनणाऱ्या स्वस्त 'विदेशी' दारूचं शुल्क निर्मिती मूल्याच्या तिपटीवरून साडेचार पट केलं. १८० मिलीची किमान किंमत: देशी ८०, विदेशी २०५. मधल्यांसाठी 'महाराष्ट्र मेड' १४८ ला. इथल्याच उत्पादकांची, धान्याची.

धान्याची आहे, तेव्हा घोट घेताना ज्वारीच्या कणसाचं ध्यान करा. कणीस बघायला काटोलकडे मात्र जाऊ नका. तिथं संत्रा, कापूस, सोयाबीन. ज्वारी पेरली तर रानडुकरं आधी जेवतात. २००७ साली शेतकऱ्याचं नाव घेऊन धान्याच्या मद्यार्काला लिटरमागे दहा रुपये अनुदान काढलं होतं. लिटरमागे, म्हणजे कारखान्याला.

वर्ध्याला जाताना बाटली नेऊ नका. दारूबंदीचा जिल्हा आहे, घरपोच मिळते.

पिण्याच्या परवान्याचं दुकानदाराला विचारू नका, हसतो.

आता ते दहा रुपये. काहून म्हटलं, तर म्हणे 'कूलिंगचे'! बाटली रॅकवरची, बोटाला धूळ लागली, आणि कूलिंग? बिल मागितलं तर मशीन बंद. फोनवरून पैसे पाठवतो म्हटलं तर 'कॅश द्या, नाही तर बाजूला व्हा'. रांगेतला मागचा भाऊ माझ्यावरच खेकसला. तक्रारीसाठी सरकारी खात्यात फोन लावला, तर पलीकडून पहिला प्रश्न, "तुम्ही पिता का?" नाही हो, गुळण्या करतो! कारखान्यातून निघालेलं प्रत्येक खोकं मोजता, शुल्काचा पैसा न् पैसा वसूल करता, किंमत छापायला लावता. मग काउंटरवर ती किंमत पाळली जाते का, हे बघायला कोणी नाही?

पुरे झाली थट्टा. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी वाद घालणारे तुम्ही, इथं मान खाली घालून दहाची नोट सरकवता. लाज वाटते म्हणून बिल मागत नाही, आणि त्या लाजेवरच त्याचा धंदा चालतो. आणि सरकार, वर्षाला १४ हजार कोटी जादा हवे आहेत, तर तसं सरळ सांगा. धान्याचा एवढाच कळवळा असेल तर कोणत्या तालुक्यातून किती क्विंटल घेतलं आणि शेतकऱ्याला काय भाव दिला, ते लेबलवर छापा. ते छापणार नसाल, तर पुन्हा शेतकऱ्याचं नाव काढू नका.