चार दिवसांची शर्यत, चार महिन्यांची बाग

आज सकाळी एका मित्राने लिहिलं, "चारच दिवसांचा तर प्रश्न आहे, इतकं काय मनाला लावून घ्यायचं?" विषय अर्थातच अल्बर्ट पार्क, म्हणजे आमच्या मेलबर्नमधली तळ्याकाठची सार्वजनिक बाग, आणि तिथे दर वर्षी होणारी फॉर्म्युला वन ही गाड्यांची शर्यत. कमेंटमध्येच उत्तर द्यायला बसले होते, ते लांबत गेलं, म्हणून इथे टाकतेय. (ऑफिसच्या वेळात लिहितेय, शुद्धलेखन काढू नका.)

गाड्या चार दिवस पळतात, मान्य. पण त्यासाठी जानेवारीपासून ट्रक यायला लागतात. सिमेंटचे ठोकळे, त्यावर जाळ्या, लोखंडी स्टँड, तात्पुरते पूल, तंबू. मार्चमध्ये शर्यत होते आणि मग हे सगळं उपसून न्यायला पुन्हा कित्येक आठवडे. तोवर मैदानावरचं गवत गेलेलं असतं आणि उन्हाळाही. मेलबर्नमध्ये राहणाऱ्यांना उन्हाळा म्हणजे काय ते मी सांगायला नको. वर्षभर वाट बघायची आणि आला की बागेला कुंपण.

माझी आई सांगलीची. सगळा जन्म कृष्णाकाठी गेलेला. इकडे आली की तिला एकटीने फिरता येईल अशी एकच जागा होती, अल्बर्ट पार्कचं तळं. तिला इंग्रजी येत नाही, फोनमधला नकाशा समजत नाही. पण पाणी समजतं. पाणी डाव्या हाताला धरून चालत राहिलं की निघालो तिथेच परत येतो, हे तिने पहिल्याच फेरीत ओळखलं. तिथल्या काळ्या हंसांच्या मानेत अभ्यासकांनी घातलेले नंबरचे पट्टे असतात. ते वाचून घरी आली की आज कोण कोण भेटलं ते सांगायची. संध्याकाळी हीच खबर सांगलीला मावशीकडे फोनवर जायची.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती गेली, तर कुंपणावर काळं कापड. पाणीच दिसेना. नेहमीची वाट बंद, पाट्या इंग्रजीत. बाण दिसेल तिकडे चालत चालत ती क्वीन्स रोडला बाहेर पडली. मी शोधत गेले तेव्हा सेंट किल्डा रोडच्या ट्राम स्टॉपवर पर्स पोटाशी धरून बसली होती. मला बघून पहिलं काय म्हणाली? "अगं, एवढा मोठा मांडव घातलाय, कार्य कुणाचं आहे?"

तेव्हा हसले होते. आता तोच प्रश्न मला विचारायचाय. कार्य कुणाचं?

ही शर्यत १९८५ पासून १९९५ पर्यंत शेजारच्या राज्यातल्या ॲडलेड शहरात होत होती. १९९३ मध्ये आमच्या व्हिक्टोरिया राज्याचे तेव्हाचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्रीच) जेफ केनेट यांच्या सरकारने ती इकडे आणायचं ठरवलं आणि १९९६ मध्ये ती अल्बर्ट पार्कात आली. मधल्या काळात १९९४ चा कायदा झाला. पर्यावरण आणि नियोजनाचे जे कायदे तुम्हाला-मला घरामागे साधी खोली वाढवायलाही लागू होतात, ते शर्यतीला लागू नाहीत. त्रास झाला म्हणून नुकसानभरपाई मागायची सोय नाही. आणि ही काही कुणाची पडीक जमीन नव्हती. १८६४ पासून ही सार्वजनिक बाग आहे. लोकांनी विरोध म्हणून झाडांना पिवळ्या फिती बांधल्या, तोडायला आलेल्यांच्या आडवे उभे राहिले, पोलिसांनी त्यांना उचलून नेलं. साधी माणसं होती हो, आजूबाजूला राहणारी, कित्येक तर आजी-आजोबा. झाडं तुटलीच. नंतर नवी लावली, पुष्कळ लावली, तेही सांगते, नाहीतर म्हणाल अर्धंच सांगितलं.

आणि खर्च? दर वर्षी राज्याच्या तिजोरीतून सुमारे १० कोटी डॉलर. म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून. करार २०३७ पर्यंत. आज जन्मलेलं मूल तोवर हायस्कूलमध्ये जायला लागेल. सही करायच्या आधी आजूबाजूच्या कुणाला विचारलं होतं का? आपल्याला पैसे मोजायला लावायचे, आपलीच बाग बंद करायची आणि वर आत जायला तिकीट लावायचं! हे कुणी आपल्या गल्लीत केलं असतं तर गप्प बसला असतात का?

हो, "गल्लीत मांडव घालून रस्ते अडवतो आपण, तेव्हा?" हे येणारच. अडवतो. ते मला तिथेही आवडत नाही. पुढे.

२०२० मध्ये तर कमाल झाली. सगळं उभारून तयार, आणि १३ मार्चला सकाळी, लोक गेटवर ताटकळत असताना, कोरोनामुळे रद्द. त्यानंतरच्या लॉकडाउनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या आत, दिवसातून एक तास बाहेर पडायची मुभा होती, आठवतंय ना? तेव्हा या तळ्याने किती लोकांची डोकी ताळ्यावर ठेवली! मार्च २०२१ मध्ये शर्यत नव्हती. मी रोज जायचे. कुठेही कुंपण नाही, पाणी सगळीकडून दिसतंय. आई तेव्हा सांगलीत अडकली होती, विमानं बंद. मी फोनवर तिला व्हिडिओ दाखवायचे, ती म्हणायची, "थांब थांब, पट्टा वाचू दे."

आता जरा शांत होते. चहा घेऊन आले.

खरं सांगायचं तर शर्यत मलाही बघवते. आमच्या घरात एक फॉर्म्युला वनचं वेड लागलेला मुलगा आहे. २०२५ ला पावसात ऑस्कर पिआस्ट्री, आपल्याच मेलबर्नचा पोरगा, दुसऱ्या नंबरवर होता. घसरून ओल्या गवतात अडकला, तेव्हा टीव्हीसमोर मुलापेक्षा मी जास्त किंचाळले होते. मग गाडी मागे घेत बाहेर काढून नववा आला, तेव्हा आम्ही दोघं नाचलो. म्हणजे मला गाड्यांचं वावडं नाही. आवाजाचंही आता तेवढं नाही. पूर्वीची इंजिनं पार शहरात ऐकू यायची. २०१४ पासून आवाज बराच कमी झाला, तर शर्यतीचे कर्तेधर्ते रॉन वॉकर यांनीच तक्रार केली की मजा गेली! यावर काय बोलणार?

आवाज गेला की प्रश्न सुटतो असंही नाही. लंडनच्या बॅटरसी पार्कात २०१५ आणि २०१६ मध्ये विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई झाली. धूर नाही, कानठळ्या नाहीत. तरी रहिवासी कोर्टापर्यंत गेले आणि दोन वर्षांत शर्यतीला तिथून बाड-बिस्तारा आवरावा लागला. बाग मिळत नाही, हेच दुखणं होतं त्यांचं. माझंही तेच आहे.

मुलगा म्हणतो, "मग आई, कुठे करायची?" कायमचा ट्रॅक बांधा एकदाच. दर वर्षी उभारायचा आणि मोडायचा खर्च करण्यापेक्षा ते बरं. तो म्हणतो तळं आणि मागे शहर, हे टीव्हीवर छान दिसतं. दिसत असेल. हेलिकॉप्टरमधून तळं सगळ्या जगाला दिसतं, माझ्या आईला कापडाआडून दिसलं नाही.

त्या दिवसानंतर ती एकटी कधी गेली नाही. मी सोबत असले तरच. भीती वाटते असं तोंडाने म्हणायची नाही, "आज गुडघा दुखतोय" म्हणायची. परवा फोनवर तिकिटाचं बोलणं चाललं होतं. मी म्हटलं फेब्रुवारीत ये, हवा छान असते. म्हणाली, "नको, ते तुमचं कार्य उरकलं की येते."

तेव्हा राज्याच्या पुढच्या निवडणुकीत दारात मत मागायला येईल त्या प्रत्येकाला मी दोन गोष्टी विचारणार आहे. करार संपल्यावर बाग परत देणार का? आणि तोवर निदान तळ्याकाठची चालायची वाट शर्यतीचे दिवस सोडून उघडी ठेवणार का, तीही कापड न लावता? तुम्हीही विचारा. कुणी काय सांगितलं ते इथे लिहा, मीही लिहीन. तिकिटांचे फोटो मात्र कमेंटमध्ये टाकू नका, डिलीट करीन.