सातवीची सहल: मुंबई, जेवढी दिसेल तेवढी

लातूरहून सातवीच्या ५२ मुलांना मुंबईची संस्कृती दाखवायची ना सर? मग बस रविवारी रात्री जेवणं उरकून काढा. शाळेचा तास कमीत कमी बुडतो आणि सोमवारी सकाळी गेटवेला उतरल्यावर कळतं, घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. राणीबाग बुधवारी ठेवा. तीही बुधवारी बंद.

उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास द्यायची असते. तुम्ही खंडाळ्याचा घाट लागल्यावर द्या, म्हणजे पुरीभाजीसोबत गोळीही बाहेर येईल. ज्याला हमखास गाडी लागते त्याला अगदी मागच्या सीटवर बसवा, हेलकावे तिथेच जास्त. पिशव्या मात्र टपावरच्या सामानात घट्ट बांधलेल्या असाव्यात.

गेटवेसमोर माहिती सांगायच्या भानगडीत पडू नका. १९११ साली पंचम जॉर्ज आला तेव्हा इथे पुठ्ठ्याची कमान होती, खरी १९२४ मध्ये पुरी झाली, एवढं कळलं तर पोरं प्रश्न विचारतील. त्यापेक्षा मुलं मोजा. पन्नास भरतात. पुन्हा मोजा, त्रेपन्न. (त्रेपन्नावा कोण ते शोधू नका, तो स्वतःच कीचेन विकायला लागेल.)

लोकल दाखवायचीच. दुपारी बाराला सीएसएमटीवरून चढलात तर गाडी तिथूनच सुटते, बरीचशी रिकामी असते, मुलं खिडकीत बसून मशीद बंदर, सँडहर्स्ट रोड, भायखळा वाचत जातात. नीरस प्रकार. त्यापेक्षा सकाळी नऊला दादर गाठा. गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. तेवढ्यात दोन-दोनच्या जोड्या हातात हात धरून चढवा; एक आत, एक फलाटावर, हात दोघांचे एकमेकांत. पुढचं स्टेशन कुठलं आणि चुकलेल्याने कुठे थांबायचं, हे आधी सांगून ठेवलं तर सगळी गंमत जाते.

वस्तुसंग्रहालयाला चाळीस मिनिटं भरपूर. हात मागे, तोंड बंद, रांग हलती. कुणी लघुचित्रासमोर रेंगाळला की मागून 'चला, चला'.

परतल्यावर निबंध. 'मुंबई हे स्वप्नांचे शहर आहे' पासून 'अविस्मरणीय सहल' पर्यंत सगळं फळ्यावर लिहून द्या. निघण्याआधीच दिलात तर आणखी बरं. कुणी खंडाळ्याच्या घाटाबद्दल लिहिलं, तर दोन गुण कापा.