बारा वर्षांची अट कुठून आली?

बडोद्याच्या कमाटीबागेत सकाळी धावणाऱ्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय : बाराव्या वर्षाच्या आत लांब पल्ल्याला जुंपलं नाही तर मूल धावपटू होत नाही, आणि उशिरा येऊन झपाट्याने सुधारणारा नक्की ‘काहीतरी घेतो’, म्हणजे बंदी असलेली औषधं. त्यापायी दांडिया बाजारात दोन घरांतल्या पोरांचा खो-खो बंद झाला म्हणे, म्हणून हा खुलासा.

पहिलं विधान सपशेल चूक. साताऱ्याच्या ललिता बाबर आधी खो-खो खेळायच्या. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिल्या आल्यावर त्या स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीकडे वळल्या, आणि २०१६ला रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. ब्रिटनच्या प्रिसिला वेल्च तर तिशी उलटल्यावर धावू लागल्या, तोवर सिगारेटही ओढायच्या. १९८७ साली, वयाच्या ४२व्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली.

आता ‘घेतो’ या शंकेबद्दल. नवख्याच्या रक्तातला द्रवभाग काही आठवड्यांतच वाढतो, पुढे स्नायूंत केशवाहिन्या वाढतात, त्यामुळे सुरुवातीला वेळ भराभर कमी होते. दहा वर्षं मुरलेल्याला तेवढा वाव उरलेला नसतो. डोपिंग, म्हणजे अशी औषधं घेणं, होतं, ते कोण नाकारतंय? पण त्याचा निकाल चाचणी देते, ग्रुपचा अ‍ॅडमिन नाही.

हाडं आणि स्नायुबंध मात्र दमाच्या मानाने सावकाश तयार होतात. उशिरा आलेल्यांची नडगी दुखते ती बहुधा ती तयार होण्याआधीच पळापळ वाढवायच्या घाईमुळे.

त्या दोन पोरांना खो-खोला परत पाठवा.