'मुंबईतले सगळे टोल बंद' हा मेसेज अर्धाच खरा आहे

'मुंबईत आता कुठेही टोल नाही, सी लिंक आणि अटल सेतूही मोफत' असा मेसेज पुन्हा फिरतो आहे. त्यातला बराचसा भाग चुकीचा आहे.

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने टोलमाफी मिळाली ती फक्त पाच प्रवेशनाक्यांवर: दहिसर, वाशी, ऐरोली आणि मुलुंडचे दोन. तीही कार-जीपसारख्या हलक्या वाहनांना, स्कूल बसना आणि एसटीला. ट्रक आणि इतर अवजड वाहने टोल भरतातच. वसुलीचा करार रद्द झालेला नाही. २०१० मध्ये खासगी कंत्राटदाराने सुमारे २,१०० कोटी रुपये एकरकमी भरून हे नाके १६ वर्षांसाठी घेतले होते. म्हणून हलक्या वाहनांच्या बुडालेल्या टोलची कंत्राटदाराला भरपाई सरकारला करावी लागते. हा भाग मेसेजमध्ये नसतो आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

वांद्रे-वरळी सी लिंक आणि अटल सेतू या निर्णयात नव्हतेच. सी लिंकवर १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग सक्तीचा आहे, नसेल तर दुप्पट टोल. मेसेजवर विसंबून निघालेल्याला हा भुर्दंड बसू शकतो. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका; आधी पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.